ग्रेड 2 फॅटी लिव्हर आहे, पुढे लिव्हरचा कॅन्सर होईल का?

तुम्ही दिलेली माहिती: वय 46, वजन 82 किलो, मधुमेह, पुण्यात केलेल्या सोनोग्राफीत ग्रेड 2, एसजीओटी 52, एसजीपीटी 64 (ही दोन्ही रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स), प्लेटलेट्स 1.9 लाख. फॅटी लिव्हर असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही. पण तुमचे आकडे बघता एक तपासणी नक्की करा.

सोनोग्राफीतला ग्रेड फक्त चरबी किती ते सांगतो. कॅन्सरचा धोका ठरतो तो फायब्रोसिसवर, म्हणजे यकृतात किती व्रण साचले यावर. चरबीमुळे सूज राहिली की पेशी मरतात, नव्या तयार होतात. वर्षानुवर्षे हे चालू राहिलं की व्रण वाढतात आणि नव्या पेशींच्या जनुकांत चुका साचतात. शेवटचा टप्पा सिरॉसिस. तिथे पोहोचलेल्या 100 जणांपैकी साधारण 1 ते 2 जणांना दरवर्षी कॅन्सर होतो. सिरॉसिस नसतानाही क्वचित होतो, आणि मधुमेहाने धोका वाढतो.

फायब्रोसिसचा अंदाज घरीच काढता येतो. त्याला फिब-4 म्हणतात. वय गुणिले एसजीओटी: 46 × 52 = 2392. एसजीपीटीचं वर्गमूळ 8, त्याला हजारांतल्या प्लेटलेट्सने गुणा: 190 × 8 = 1520. भागाकार 1.57. 1.3 च्या खाली असता तर चिंता कमी होती (पासष्टीनंतर ही मर्यादा 2 धरतात). 2.67 च्या वर धोका जास्त. तुम्ही मधे आहात, म्हणून फायब्रोस्कॅन करा, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते किलोपास्कलमध्ये मोजणारी तपासणी. पुण्यात पोटविकारतज्ज्ञांकडे सहज होतं. आधी 3 तास काही खाऊ नका, नाहीतर आकडा खोटा वाढतो. 8 किलोपास्कलच्या खाली आलं तर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा फिब-4 काढा. 8 किंवा वर आलं तर यकृततज्ज्ञ गाठा. सिरॉसिस निघालाच, तर दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी, सोबत एएफपी ही रक्ततपासणी. त्रास होत नाही म्हणून ही चुकवू नका. सुरुवातीच्या गाठीला लक्षणंच नसतात आणि उपचार तेव्हाच सर्वांत चांगले होतात. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणीही एकदा करून घ्या.

वजन 6 ते 8 किलो उतरवा, पण सहा-आठ महिन्यांत, सावकाश. एवढ्याने सूज उतरते, 10 टक्क्यांपर्यंत गेलात तर व्रणही कमी होऊ शकतात. दारू पूर्ण बंद. बुरशी आलेले, कडवट शेंगदाणे टाकून द्या, त्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कॅन्सरला थेट कारण ठरतं. आणि ‘लिव्हर साफ’ करणारे काढे घेऊ नका: गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत.