कॅसेटवरची ती शिट्टी म्हणजेच प्रोग्रॅम

प्रश्न: मामांकडे डीबी स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती कॉम्प्युटर होता, 1988-89 च्या सुमाराचा. मशीन केव्हाच भंगारात गेलं पण त्यांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या चारपाच कॅसेट राहिल्यात. टेपवर लावल्या तर नुसती शिट्टी आणि खरखर येते. खराब झाल्यात का, काही परत मिळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: अहो शिट्टी ऐकू येतेय म्हणजे कॅसेट जिवंत आहे! तो आवाजच तुमच्या मामांचा प्रोग्रॅम आहे. डीबी म्हणजे इंग्लंडच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रमचीच परवान्याखालची भारतीय आवृत्ती, त्यामुळे टेपची पद्धत तीच. आधी काही सेकंद सलग शिट्टी, तिच्यावरून मशीनला कळायचं की आता काहीतरी येतंय, तेव्हा स्क्रीनच्या कडेला लाल-निळसर पट्टे पळायचे. मग खरखर सुरू झाली की निळे-पिवळे, म्हणजे डेटा आला. त्या खरखरीत शून्यासाठी साधारण 2000 हर्ट्झची एक लाट आणि एकासाठी 1000 ची, म्हणजे दुप्पट लांब, बस एवढंच, आणि मशीन प्रत्येक लाट किती लांब आहे ते मोजत बसायचं. 40 केबीचा गेम यायला चारेक मिनिटं लागायची. चित्र असेल तर आधी काळंपांढरं यायचं, तेही तीन भागांत आणि ओळी सोडून सोडून, आणि रंग सगळ्यात शेवटी झपकन भरायचे, ते बघायला पोरं टीव्हीसमोर श्वास रोखून बसायची.

आता खरं काम. विकतचे गेम लोकांनी कधीच जपून ठेवलेत, पण मामांचे प्रोग्रॅम जगात फक्त याच कॅसेटवर आहेत म्हणून हे टाळू नका. कमोडोर हा त्या काळचा दुसरा घरगुती कॉम्प्युटर तोच डेटा टेपवर दोनदा लिहायचा, स्पेक्ट्रम एकदाच लिहितो आणि डेटाच्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तपासणीचा फक्त एक बाइट, त्यामुळे एक बिट, म्हणजे एखादा शून्य किंवा एक, जरी चुकला तरी 'आर टेप लोडिंग एरर'.

चांगला डेक घ्या, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, डॉल्बी (डेकवरची खरखर कमी करायची सोय) बंद करा, लाइन-इनमधून कॉम्प्युटरवर डब्ल्यूएव्ही (WAV) फाइलमध्ये 44,100 हर्ट्झला रेकॉर्ड करा. एमपीथ्री अजिबात नको, त्यात लाटांच्या कडा बिघडतात. आवाज दबका वाटला तर हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू हलकेच फिरवत जा, शिट्टी सगळ्यात धारदार जिथे होईल तिथे थांबा. स्टेरिओ असेल तर डावं-उजवं मिसळू नका, जो चॅनल स्वच्छ आहे तोच घ्या. मग फ्यूज नावाच्या एम्युलेटरच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, जोडीला ऑडिओटूटेप (audio2tape) नावाचं टूल मिळतं ते या फाइलमधून टेपची फाइल काढून देतं, ती एम्युलेटरमध्ये लावा, 'J' हे बटण दाबलं की लोड (LOAD) हा अख्खा शब्द उमटतो, पुढे दोन अवतरणचिन्हं आणि एंटर.

आणि हो, हे सगळं करायच्या आधी कॅसेटच्या मागच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या टॅब मोडून टाका, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी पुसलं जाणार नाही.