धावताना गार, थांबली की गरम

प्रश्न : माझ्याकडे १९८६ ची गाडी आहे, एसी मूळचाच आहे. दोन वर्षांपूर्वी जुना आर-१२ गॅस काढून १३४ए भरला. गाडी पळत असताना एसी बरा चालतो, पण सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की नुसती कोमट हवा. दोनदा गॅस वाढवून घेतला, उलट आणखी बिघडलं असं वाटतंय. कॉम्प्रेसर बदलू का?

उत्तर : कॉम्प्रेसरला आत्ता हात लावू नका प्लीज. पळताना गार करतोय म्हणजे तो काम करतोय, आणि रोगाचा पत्ता तुम्हीच प्रश्नात दिलाय. पळताना समोरून वारा लागतो म्हणून कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी, रेडिएटरच्या पुढची जाळी) थंड राहतो, गाडी थांबली की ते काम एकट्या फॅनवर येतं आणि तिथे तो कमी पडतोय.

आणि गॅस वाढवल्यावर बिघडलं हे तुमचं निरीक्षण मला अगदी बरोबर वाटतं. बॉनेटखालच्या स्टिकरवर जे वजन लिहिलंय ते आर-१२ चं, १३४ए त्याच्या साधारण ८० ते ८५ टक्केच भरायचा असतो. १३४ए चं प्रेशर गरमीत आर-१२ पेक्षा जास्त चढतं, जुना कंडेन्सर त्या मानाने लहान पडतो, त्यात गॅस जास्त झाला की आयडलिंगला हाय साइड (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं प्रेशर) नुसती वर वर जाते आणि कूलिंग पडतं. गॅस काही पेट्रोलसारखा संपत नाही, कमी झालाच असेल तर कुठेतरी लीक आहे, ते न शोधता वरून भरत राहणं मला अजिबात पटत नाही.

घरी करून बघा. गाडी उभी, इंजिन चालू, एसी फुल, आणि समोरून कंडेन्सरवर पाण्याचा बारीक फवारा मारा. आतली हवा लगेच गार व्हायला लागली तर दोष उष्णता बाहेर टाकण्यात आहे हे नक्की समजा. मग फॅन क्लच (पंख्याला इंजिनशी जोडणारा भाग) बघा, इंजिन तापलेलं असताना बंद करून पंखा हाताने फिरवला आणि तो भिरभिर फिरत राहिला तर क्लच गेलाय (इलेक्ट्रिक फॅन असेल तर हात घालू नका, तो इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो). फॅनभोवतीचं श्राउड (हवा जाळीतून ओढायला लावणारं कडं) जागेवर आहे का तेही बघा, जुन्या गाड्यांत कुणीतरी कधीतरी काढून ठेवलेलं असतं. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत कचरा दाबून बसतो, तो समोरून दिसतच नाही.

हीटर कॉक (हीटरकडे इंजिनचं गरम पाणी सोडणारी तोटी) पण एकदा तपासा, तो नीट बंद होत नसेल तर गरम पाणी आत फिरत राहतं आणि एसी बिचारा बदनाम होतो.

हे झाल्यावर गॅसचं प्रेशर मोजायचं गेज लावून घ्या. बाहेर ३२ अंश असेल तर हाय साइड साधारण २०० ते २२५ पीएसआय चालेल, ३०० च्या पुढे जात असेल तर सगळा गॅस मशीनने काढून (हवेत सोडू देऊ नका), ड्रायर बॉटल (गॅसमधला ओलावा शोषणारी) नवी टाकून, निदान अर्धा पाऊण तास व्हॅक्युम मारून (पंपाने आतली हवा ओढून), वजन करून भरा. १३४ए पहिल्यांदा भरला तेव्हा कॉम्प्रेसरचं ऑइल बदललं होतं का हेही त्या मेकॅनिकला विचारा, जुनं मिनरल ऑइल १३४ए मध्ये मिसळत नाही, ते कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि मग कॉम्प्रेसर खरंच जातो. एवढं करूनही थांबल्यावर गरमच राहिली तर पॅरलल फ्लो कंडेन्सर (बारीक समांतर नळ्यांचा, जास्त उष्णता टाकणारा) बसवा, खर्च करायचाच असेल तर तो तिथे करा.