विमान सुटताना जीव घाबरा होतो, काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी पुण्याला, तुम्ही इंदुरात, पुढच्या महिन्यात तिच्या बाळंतपणासाठी विमानाने जायचंय. एकदा वर पोचलं की चालतं, पण धावपट्टीवर पळायला लागल्यापासूनची पहिली दहा मिनिटं जीव मुठीत येतो, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, वैमानिक तर नाहीच नाही. सांवेर रोडला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पण या बाबतीत माझी फजिती तुमच्यापेक्षा मोठी झालेली आहे, तेवढ्या अधिकारावर लिहितो.

२०१६ साली पुण्यात पुतण्याची मुंज होती. भावाने आग्रहाने विमानाचं तिकीट काढून पाठवलं. हातात एकच पिशवी. तपासणी झाली, खुर्चीवर बसलो, आमच्या विमानाचा पुकारा झाला, लोक रांगेत उभे राहिले आणि मी तब्येत बरी नाही असं सांगून बाहेर पडलो. सरळ रिक्षा केली आणि रात्रीची बस पकडली. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट उतरताना ड्रायव्हर एका हाताने मोबाइल कानाला लावून बोलत होता. मी ते बघितलं, कूस बदलली आणि झोपलो. पुण्याला पोचलो तेव्हा मंगलाष्टका होऊन गेल्या होत्या, पंगत बसली होती. भाऊ अजूनही चारचौघांत तो विषय काढतो.

बिजासन घाटात झोप लागते आणि विमानाच्या दारातून पळून येतो, हे कसं? याचं उत्तर मला माझ्याच धंद्यात सापडलं. दुकानात मोटर आली की मी आधी कान लावतो. नुसती गुणगुणते आणि फिरत नाही म्हणजे एक फेज गेलाय. किरकिर येतेय म्हणजे बेअरिंग. आणि चांगली चालती मोटर अचानक गप्प होते तेव्हा अर्थ एकच, ट्रिप झाली. पळून आलो त्याच्या दोन वर्षं आधी मी एकदा मुंबईला विमानाने गेलो होतो. उडाल्यावर मिनिटभराच्या आत इंजिनाचा आवाज एकदम खाली आला आणि त्याच क्षणी पोटात खड्डा पडला. माझ्या कानांनी निकाल देऊन टाकला: गेलं. पुढचा तासभर मी काय भोगलं ते सांगत नाही. शेजारच्या कॉलेजच्या पोराचा हात मी धरला होता हे मला उतरताना कळलं, त्याने स्वतःहून सोडवून घेतला तेव्हा.

घरचे म्हणायचे, काही होत नसतं, लाखो लोक जातात. त्याने काडीचाही फरक पडला नाही. फरक पडला तो दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकामुळे. हवाई दलातून निवृत्त झालेले, इंजिनाच्या कामातले गृहस्थ, राऊकडे त्यांची बोअर आहे, सबमर्सिबल जळाली म्हणून आले होते. मी माझी कथा सांगितली तर हसले नाहीत. म्हणाले, “तुमच्याकडे मोठी मोटर स्टार-डेल्टा स्टार्टरवर असते ना, आधी कमी व्होल्टेजवर सुरू होऊन मग पूर्ण व्होल्टेजवर जाणारी? स्टारमधून डेल्टात जाताना क्षणभर ती बसल्यासारखी वाटते, तेव्हा तुम्ही दुकान सोडून पळता का?” मी म्हटलं, नाही, ते तर व्हायलाच हवं. ते म्हणाले, “तसंच ते. वर पोचल्यावर इंजिनाची ताकद वैमानिकच कमी करतात. ठरलेल्या उंचीवर, दर वेळी.”

त्यांच्याकडून मी बिलबुकाच्या मागच्या बाजूला सगळे आवाज क्रमाने लिहून घेतले. तो कागद अजून पाकिटात आहे. तुम्हाला तेच सांगतो, कारण माझ्या मते भीती विमानाची नसते, आता पुढे काय होणार हे माहीत नसण्याची असते.

इंदूरहून सुटणारी बरीच विमानं एअरबस ए-३२० जातीची असतात. त्यात बसल्या बसल्याच पायाखालून धपधप ऐकू येते, ते सामान चढवणं. मग विमान मागे ढकलतात, इंजिनं सुरू होत असतात, तेव्हा कुत्रं दबक्या आवाजात भुंकावं किंवा कोणी करवत चालवावी तसा आवाज येतो. सगळे दचकतात. विमानात हायड्रॉलिक तेलाची वेगवेगळी सर्किटं असतात. त्यातल्या एकाचा दाब दुसऱ्याला पुरवणारं एक यंत्र आहे, त्याचा तो आवाज. मग पंखांच्या मागचे पत्रे बाहेर येतात, त्यांना फ्लॅप म्हणतात. तेव्हा मोटर फिरल्यासारखी घरघर होते. रात्रीचं विमान असेल तर दिवे मंद करतात. त्यात काही बिघाड नाही, डोळ्यांना अंधाराची सवय राहावी म्हणून करतात, आणि बाहेरचं दिसावं म्हणून खिडकीची झडप उघडी ठेवायला लावतात. (कधी पंख्याचं छोटं एटीआर विमान असतं, त्याचे आवाज निराळे. तिकिटावर बहुतेक वेळा विमानाची जात लिहिलेली असते, आधी बघून ठेवा.)

धावपट्टीवर आलं की इंजिनाचा आवाज दोन टप्प्यांत चढतो. आधी थोडा, मग क्षणभर थांबून मोठा. दोन्ही इंजिनं सारखी लागली आहेत ना हे बघून मग पुढे ढकलतात. यानंतर पाठ खुर्चीला चिकटते, डोक्यावरचे कप्पे खडखडतात, खालून टकटक-टकटक येतं. अनेक धावपट्ट्यांच्या मध्यरेषेवर दिवे बसवलेले असतात, पुढचं चाक बरेचदा त्यांच्यावरून जातं. आपल्या एबी रोडवर खड्डा चुकवताना गाडी जेवढी हादरते त्यापुढे हे काहीच नाही. घड्याळ बघा: बहुतेक वेळा तीस-चाळीस सेकंदांत नाक वर उठतं. तेव्हा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर असतो.

या तीस-चाळीस सेकंदांत वैमानिक काय करत असतात हे मला कळलं तेव्हा माझं अर्धं ओझं उतरलं. प्रत्येक उड्डाणाआधी वजन, वारा, तापमान आणि धावपट्टीची लांबी बघून एक वेग काढलेला असतो. त्या वेगाच्या आत काही बिनसलं तर ब्रेक, त्यानंतर बिनसलं तर उडायचंच. आणि दोन इंजिनांच्या विमानाला उडायची परवानगी मिळते तीच मुळी या अटीवर, की त्या वेगानंतर एक इंजिन बंद पडलं तरी उरलेल्या एकावर ते वर चढलं पाहिजे. शिवाय धावपट्टी पुरेशी लांब असेल तर अनेकदा पूर्ण ताकद लावतच नाहीत, इंजिनाचं आयुष्य वाढावं म्हणून. हे तर मला अगदी पटलं. आपणही मोटर सतत फुल लोडवर चालवत नाही.

उडाल्यावर काही सेकंदांत पायाखाली वाऱ्याचा घोंघाट आणि मग धप्प. चाकं आत गेली, दार बंद झालं.

आणि आता तो, माझा शत्रू. जमिनीपासून साधारण हजार-दीड हजार फुटांवर इंजिनाचा आवाज उतरतो. त्याच सुमारास विमानाचा चढही थोडा कमी होतो, आणि पोटात गोळा येतो. विमान वरच जात असतं, पण कानाच्या आत तोल सांभाळणारी जी रचना आहे तिला वेग कळत नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबताना कसं क्षणभर हलकं वाटतं? लिफ्ट खाली पडत नसते, तिची वर जायची गती कमी होत असते. इथेही तेच, फक्त इथे मजल्याचा आकडा समोर दिसत नाही म्हणून शरीर सांगतं, पडलो. ही एक गोष्ट तुम्ही पाठ केली तरी तुमच्या दहा मिनिटांतली सगळ्यात वाईट वीस सेकंदं सुटतील. आवाज उतरायच्या आधी मनात म्हणा, आता उतरणार. उतरला की म्हणा, उतरला. झालं. भीती तरी वाटेलच, पण ती “हे काय झालं?”वाली नसेल.

यानंतर फ्लॅप आत जातात, पुन्हा घरघर. विमान एका बाजूला कलून वळतं. मग कधीतरी टिंग वाजते. ती नेहमी पट्ट्याच्या दिव्यासाठीच नसते. बऱ्याचदा दहा हजार फुटांच्या आसपास कर्मचाऱ्यांना उठायला हरकत नाही म्हणून दिलेली खूण असते. टिंग वाजली की तुमची दहा मिनिटं संपली.

आता तयारी. तुम्ही इंदूरच्या आहात म्हणजे इथली बिजासन टेकडी (तो घाट नव्हे) तुमच्या घरचीच. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ तिच्या शेजारीच आहे आणि वरून दिसतो. जायच्या आधी तीन-चार संध्याकाळी देवीचं दर्शन घ्या आणि मग तासभर तिथेच बसा. विमान पळायला लागलं की घड्याळ लावा, जमीन सोडेपर्यंतचे सेकंद मोजा. पहिल्या विमानाला माझे हात घामाने ओले झाले होते. मी खाली टेकडीवर उभा होतो, तरी! पाचव्या-सहाव्याला मी शेंगा सोलत होतो. पुस्तकात वाचून हे होत नाही, शरीराला स्वतः बघावं लागतं. आणि हे एका संध्याकाळी उरकू नका, भीती पहिल्या दिवशी दबते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकं वर काढते.

श्वासाचं सगळे सांगतात, पण “खोल श्वास घ्या” असं अर्धंच सांगतात. घाबरलेला माणूस आत घेतच राहतो, त्याने डोकं आणखी गरगरतं. महत्त्वाचं आहे ते बाहेर सोडणं. चार आकडे मोजत घ्या, सहा मोजत सोडा, फुंकर घातल्यासारखा. आकड्यांत मन लागत नसेल तर जे स्तोत्र पाठ असेल ते म्हणा, पण मनात नाही, ओठ हलवून. म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो. माझी आई बसमध्ये असंच करायची, आम्ही हसायचो. आणि खुर्चीचे हात आवळून धरू नका. हात मांडीवर उताणे ठेवा, चपलेतली बोटं हलवा. मुठी आवळून मनाला “शांत हो” म्हणणं म्हणजे एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्याने रेस.

बाकी किरकोळ. जागा पंखाजवळची घ्या, तिथे हेलकावे शेपटीपेक्षा कमी जाणवतात. मला खिडकी लागते, यंत्र दिसलं पाहिजे. बायकोला खिडकीनेच भीती वाटते. तुमचं तुम्ही ठरवा. आत शिरतानाच कर्मचाऱ्यांना सांगा की मला उडताना भीती वाटते. त्यांना याची सवय असते, येऊन विचारपूस करून जातात. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि विमानतळावर चहावर चहाही नको, चहाने छाती धडधडते आणि आपल्याला वाटतं भीतीच वाढली. कोणाच्या उरलेल्या झोपेच्या गोळ्या घेऊ नका. गोळी हवीच असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारा, रक्तदाब किंवा दमा असेल तर आवर्जून सांगा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण मनात असणारच. १२ जून २०२५. अहमदाबादहून सुटलेलं विमान मिनिटभरातच कोसळलं, आतल्या २४२ माणसांपैकी एकच वाचला. आपल्याला भीती वाटते नेमक्या त्याच मिनिटात. पुढच्या महिन्यात माझं बेंगळुरूचं तिकीट होतं, मुलाकडे. मी तीन रात्री नीट झोपलो नाही, हे कबूल करतो. पुन्हा बसचा विचार केला, आणि इंदूर ते बेंगळुरू बसने किती तास लागतात ते बघून सोडून दिला. धोका शून्य आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही, कोणी सांगितलं तर तुम्हीही विश्वास ठेवू नका. पण एक केलं: त्या अपघाताचे व्हिडिओ बघणं बंद केलं. तोच व्हिडिओ वीस वेळा बघितला की मनात वीस विमानं पडलेली असतात. मोबाइल बायकोकडे दिला आणि टेकडीवर जाऊन बसलो. त्या संध्याकाळीही विमानं वेळेवर सुटत होती.

बेंगळुरूला गेलो. पाकिटातला कागद काढला, एकेका आवाजावर बोट ठेवत गेलो, धपधप, करवत, घरघर, दोन टप्पे, टकटक, धप्प. आवाज उतरायची वेळ आली तेव्हा मनात “आता उतरणार” म्हटलं, आणि उतरला. हात तरीही आपोआप बायकोच्या हाताकडे गेलाच. ती झोपली होती.