गल्ल्यात पहिली तूट आली तेव्हा
दांडिया बाजारात दुकान टाकलंस, तीन माणसं ठेवलीस, आणि पहिल्याच महिन्यात गल्ल्यात तूट. घाबरू नकोस, पण लगेच कुणावर आळही घेऊ नकोस. मी घेतला होता. सगळ्यांसमोर एका मुलाच्या पिशवीची झडती घेतली. आत जेवणाचा डबा आणि आईच्या औषधांची चिठ्ठी. तो दुसऱ्या दिवसापासून आला नाही. तूट मात्र पुढच्या आठवड्यातही आलीच. अजून मनाला लागून आहे ते.

अमेरिकेतले गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी अफरातफरीसाठी तुरुंगात गेलेल्यांशी बोलून १९५३ साली मांडलं, की असा विश्वासघात होतो तिथे तीन गोष्टी जुळून आलेल्या असतात: कुणाला सांगता न येणारी पैशांची अडचण, हाताशी असलेली संधी, आणि 'उसनेच घेतोय, परत ठेवीन' अशी स्वतःची घातलेली समजूत.

यातली संधी रोखणं तुझ्या हातात आहे. तिथून सुरुवात कर:

- बिल करणारा आणि रोख घेणारा एकच नको. रात्री गल्ला दोघांनी मिळून मोजायचा.
- बिलबुकाचे नंबर सलग हवेत. रद्द झालेलं बिलही फाडून टाकायचं नाही.
- काउंटरवरच्या क्यूआर कोडवर स्वतः एक रुपया पाठवून बघ, तुझ्याच खात्यात येतो का.

पगार ठरल्या तारखेला दे. अडीअडचणीला उचल मिळेल हे आधीच सांगून ठेव. आणि तू घरखर्चाला गल्ल्यातून नोटा काढतोस ना, त्याही लिही. मालकच न लिहिता काढू लागला तर हिशोब लागणार कसा? कॅमेरे, सॉफ्टवेअर सहा महिन्यांनी बघू.