सोसाट्याच्या वाऱ्यात सायकल

प्रश्न : आषाढात बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने सायकल चालवताना जाताना वारा अडवतो, येताना तोच पाठीशी असतो. मग श्रमांची भरपाई होते का? – एक वाचक, हिंडलगा

उत्तर : पूर्ण भरपाई होत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना तेवढाच वारा समोरून आला, तर तो विरोध चौपट होतो. शिवाय जाताना वेग मंदावल्याने वाऱ्याशी झुंजण्यात वेळ अधिक जातो आणि पाठराखणीचा काळ थोडका उरतो. तरीही आपला क्रम योग्यच आहे, कारण पावसाळी वारा पश्चिमेकडून येत असल्याने पश्चिमेच्या उचगावकडे आधी जाऊन थकल्यावर त्याच्या साथीने परतणे शहाणपणाचे. गिअर हलका ठेवावा, कोपरे वाकवून अंग खाली झुकवावे आणि वेगाचा हट्ट सोडावा.

खरी काळजी आडव्या वाऱ्याची आहे. उसाचा मळा संपून माळ लागताच झोत एकदम अंगावर येतो, आणि मोठा ट्रक शेजारून जाताना वारा क्षणभर अडतो, तेव्हा वाऱ्याच्या विरुद्ध कललेली सायकल रस्त्याच्या मध्याकडे ओढली जाते आणि लगेच वारा पुन्हा धडकतो. म्हणून अशा दिवशी पुणे-बेंगळुरू महामार्ग टाळावाच, असे मी आग्रहाने सांगेन.