बेंबीला हर्निया आहे, वजन 88 किलो. आधी वजन उतरवू की लगेच ऑपरेशन करून घेऊ?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुम्ही विट्याच्या, वय 44, उंची पाच फूट दोन इंच. बेंबीपाशी लिंबाएवढी गाठ आहे, दोन वर्षं झाली. सर्जन म्हणतात दहा किलो उतरवून या, नणंद म्हणते आत्ताच करून टाक. आणि तुम्हाला आशा आहे की वजन उतरलं तर गाठही जाईल.

मी सांगलीची, 53 वर्षांची, पोळीभाजीचे डबे देते. डॉक्टर नाही. पण याच दुखण्याची माझी दोन ऑपरेशनं झालीत, एक घाईत आणि एक तयारीनं, म्हणून लिहितेय.

गाठ जाणार नाही, ही आशा आधी सोडा. बेंबीपाशी पोटाच्या भिंतीला भोक पडलेलं असतं आणि त्यातून आतली चरबी नाहीतर आतडं बाहेर येतं. वजन उतरलं की आतला दाब कमी होतो, ओढल्यासारखं दुखतं ते थांबतं. पण मोठ्या माणसाचं हे भोक शिवल्याशिवाय बुजत नाही. पट्ट्यानं नाही, काढ्यानं नाही, पोटाच्या व्यायामानं तर नाहीच. उलट जोर लावून पोट आवळलं की गाठ आणखी बाहेर येते.

मग सर्जन वजन का उतरवायला सांगतात? तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, 35 च्या वर जातो. एवढ्या वजनाला जखमेत पू होण्याची भीती जास्त, टाक्यांवर ताण जास्त, आणि हर्निया परत येण्याची शक्यताही जास्त. ते तुम्हाला टाळत नाहीयेत. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. "आधी बारीक व्हा" हे ऐकून मी रडत घरी आले आणि पुढं दोन वर्षं कुणाला पोट दाखवलंच नाही. परकराचा नाडा गाठीच्या वर बांधायचा की खाली, एवढाच काय तो विचार रोज सकाळी. वर बांधला तर निऱ्यांत गाठ दिसायची नाही, म्हणून वर बांधायचे. रात्री आडवं झालं की बोटानं हळूच दाबायची, आतून गुडगुड आवाज यायचा आणि ती आत जायची. मला वाटायचं, जातेय ना, मग बरं आहे.

दिवाळीच्या आधी फराळाच्या ऑर्डरी होत्या. चिवड्याचं भरलेलं पातेलं एकटीनं उचललं आणि संध्याकाळी गाठ आत जाईना. हाताला दगडासारखी लागत होती. जवळच्या दवाखान्यात गेले तर पोटाला हातही न लावता ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. त्यांनी तपासायला हवं होतं, हे खरंच. पण मीही लाजेनं नुसतं "पोटात दुखतंय" म्हणाले, गाठीचं नावच काढलं नाही. रात्री उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना. घरात ओवा, हिंग सगळं झालं. मिरजेला पोचलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

आतडं अडकून काळपट पडलेलं होतं. सोडवल्यावर रंग परतला, म्हणून कापावं लागलं नाही. साखर 280 होती. अशा वेळी जंतुसंसर्गाच्या भीतीनं त्यांनी भोकाला आधार म्हणून लावतात ती जाळी बसवली नाही, भोक नुसतं शिवलं. जखम चिघळली, पाच आठवडे ड्रेसिंग चाललं. दीड वर्षात गाठ परत आली.

दुसऱ्या वेळी दहा महिने तयारी केली. 91 वरून 78 वर आले. उपास केले नाहीत. दिवसाला सात-आठ कप चहा व्हायचा, तो दोनवर आणला, तोही बिनसाखरेचा. रात्री भात बंद करून एक ज्वारीची भाकरी आणि भाजी. सकाळी आमराईत चालणं. साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए1सी, ही टक्क्यांत मोजतात) 9.6 होती, ती 7.1 झाली. सर्जननी तंबाखूचं विचारलं तेव्हा मी ठामपणे नाही म्हणाले, मग त्यांनी विचारलं, मिशरी? ती तर पंधराव्या वर्षापासून लावत होते. आपल्याकडं मिशरीला तंबाखू धरतच नाहीत, पण ती तंबाखूच, आणि जखम भरायला तीही आड येऊ शकते. वजनापेक्षा तीच सोडायला मला जड गेली. या वेळी दुर्बिणीतून जाळी बसवली आणि तिसऱ्या दिवशी घरी आले.

तर तुमचं. झोपल्यावर गाठ सहज आत जात असेल आणि दुखणं फार नसेल, तर वजनाला वेळ देता येतो. पण तो वेळ मोकळा सोडू नका. सर्जनना स्पष्ट विचारा: किती किलो, किती महिन्यांत, आणि नाहीच उतरलं तर पुढं काय? गुडघ्यामुळं नाहीतर थायरॉईडमुळं वजन उतरत नसेल तर तेही सांगा, त्याचेही इलाज आहेत. जुनाट खोकला आणि मलावरोध असेल तर आधी तो बरा करून घ्या, दोन्हींनी पोटावर जोर येतो. मधल्या काळात गाठ वाढायला लागली, किंवा आत जायला कधीमधी कुरकुर करायला लागली, तर ठरलेले किलो पुरे व्हायची वाट न बघता परत जा. जांघेत गाठ असती तर मी थांबा म्हटलंच नसतं. बायकांमध्ये तिथली गाठ अडकण्याची भीती जास्त असते.

आणि गाठ आत जाईना, कडक झाली, दुखायला लागली, वरची कातडी लाल-निळी दिसली, उलट्या झाल्या किंवा वारा सरायचा थांबला, तर वजन, साखर, पैसे, पाहुणे सगळं बाजूला. जोर लावून आत ढकलू नका, काही खाऊपिऊ नका. ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात त्याच तासाला निघा आणि दारातच "हर्निया अडकलाय" असं सांगा. विट्याहून सांगली-मिरज लांब आहे, तेव्हा रात्री-अपरात्री जवळ कुठं सर्जन मिळतात ते आधी विचारून ठेवा. खर्चाचं म्हणाल तर सिव्हिल आहे, आणि जन आरोग्य योजनेत तुमचं बसतं का ते योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

घरातल्यांना गाठ दाखवा. नणंदेला तर दाखवाच, तिला काळजी आहे म्हणून ती बोलतेय. रात्री गाडी कोण काढणार, हेही आजच ठरवा. माझ्या वेळी ते ठरण्यातच तास गेला होता.