साध्या नियमांवर चालणाऱ्या सुट्या घटकांतून समूहाचं वर्तन कसं घडतं, आणि अशा मॉडेलवर कितपत भरवसा ठेवावा?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. पहिला असा: एजंट-आधारित मॉडेलमध्ये प्रत्येक एजंटला फक्त आसपासचं दिसतं आणि त्याला दोन-चारच नियम दिलेले असतात. मग पडद्यावर दिसणारा थवा, कोंडी किंवा वस्त्यांची फाळणी येते कुठून? दुसरा असा: संगणकावर हुबेहूब तसं दिसलं, तर खऱ्या जगातही ते त्याच नियमांनी घडतं असं मानायचं का? दुसऱ्याचं थोडक्यात उत्तर "नाही" असं आहे, आणि मला तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पण तिथे पोचायला पहिल्यातून जावं लागेल.

एजंट म्हणजे प्रोग्रॅममधला एक स्वतंत्र घटक. तो पक्षी असेल, गाडी असेल, मुंगी असेल, बाजारातला ग्राहक असेल. त्याची स्वतःची अवस्था असते, स्वतःचे नियम असतात आणि मोजके शेजारी असतात. संगणकाचं घड्याळ एकेक ठोका पुढे सरकतं आणि प्रत्येक ठोक्याला एजंट शेजाऱ्यांकडे पाहून आपलं पुढचं पाऊल ठरवतो. समूहाने काय करायचं याबद्दल कोडमध्ये एकही ओळ नसते. क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या 'बॉइड्स' मॉडेलमध्ये प्रत्येक पक्ष्याला तीनच गोष्टी करायच्या होत्या: शेजाऱ्यांना धडकायचं नाही, त्यांच्या दिशेशी आणि वेगाशी जुळवून घ्यायचं, आणि त्यांच्या मध्याकडे सरकत राहायचं. एवढ्यावर थवा तयार होतो, वळतो, अडथळा आला की दुभंगतो आणि पुन्हा एक होतो. त्यात म्होरक्या नाही.

थव्याचं उदाहरण सगळेच देतात, पण कारण समजून घ्यायला मला रहदारीचं मॉडेल जास्त आवडतं. काई नागेल आणि मिशाएल श्रेकेनबर्ग यांनी ते १९९२ मध्ये मांडलं. रस्ता म्हणजे ७.५ मीटरच्या चौकटींची एक रांग. एका चौकटीत एक गाडी, नाहीतर मोकळी जागा. गाडीचा वेग ० ते ५, म्हणजे एका ठोक्याला तितक्या चौकटी पुढे. नियम चार: कमाल वेग गाठलेला नसेल तर वेग एकने वाढव. पुढच्या गाडीपर्यंत जितकी जागा आहे त्यापेक्षा वेग जास्त झाला असेल तर तो त्या जागेइतका कर. मग कधीकधी, काहीही कारण नसताना, वेग आणखी एकने घटव. शेवटी पुढे सरक.

सगळी गंमत तिसऱ्या नियमात आहे. तो माणसाचं किंचित दुर्लक्ष दाखवतो, उगाच ब्रेकवर पडलेला पाय दाखवतो. ती पायरी काढून टाका आणि गाड्यांची दाटी एका मर्यादेच्या खाली ठेवा, थोड्याच वेळात सगळ्या गाड्या कमाल वेगाने धावताना दिसतील. ती पायरी परत घाला आणि दाटी जरा वाढवा, की मोकळ्या रस्त्यावर कोंड्या उगवू लागतात. अपघात नाही, सिग्नल नाही, रस्ता अरुंद झालेला नाही. एकाने थोडा वेग कमी केला, मागच्याला त्याहून जास्त कमी करावा लागला, त्याच्या मागच्याला थांबावंच लागलं. कोंडीच्या तोंडाशी असलेली गाडी सुटून पुढे जाते आणि शेपटाला नवी गाडी येऊन अडकते, त्यामुळे कोंडी मागे मागे सरकते. प्रत्येक गाडी पुढे जात असते आणि गाड्यांचीच बनलेली कोंडी उलट दिशेने जात असते. काही वेळाने तिच्यात सुरुवातीची एकही गाडी उरलेली नसते, तरी कोंडी तीच असते. कोंडीची दिशा आणि वेग हे कुठल्याच गाडीचे गुण नाहीत. ते गाड्यांच्या एकमेकींशी असलेल्या नात्यातून जन्मतात. तुमच्या "कुठून येतं"चं याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

जपानमध्ये युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे खऱ्या गाड्या घेऊन करून पाहिलं. त्यांचा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. २३० मीटर परिघाचा गोल रस्ता, २२ गाड्या, आणि चालकांना सूचना इतकीच की ताशी साधारण ३० किलोमीटरने, पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर राखून चालवत राहा. थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं. मग वेगातले बारीक चढउतार वाढत गेले आणि थांबलेल्या गाड्यांचा एक पुंजका तयार होऊन ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे सरकू लागला. त्या प्रयोगाचा व्हिडिओ अवश्य बघा.

इथे एक प्रश्न साहजिक आहे: "मग सरासरी काढून एक समीकरण का मांडत नाहीत?" पुष्कळदा मांडतात आणि ते पुरेसंही असतं. पण सरासरी कुठे फसते हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये एका छोट्या कल्पनेतून दाखवलं. चौकात १०० माणसं आहेत. प्रत्येकाचा एक उंबरठा आहे, म्हणजे आधी किती जण दंगलीत उतरलेले दिसले की हाही उतरेल तो आकडा. समजा हे उंबरठे ०, १, २ असे ९९ पर्यंत आहेत. उंबरठा ० असलेला माणूस स्वतःहून दगड उचलतो. त्याला पाहून १ वाला उतरतो, दोघांना पाहून २ वाला, आणि बघता बघता शंभरच्या शंभर जण दंगलीत. आता फक्त एक बदल करा: उंबरठा १ असलेल्या माणसाचा उंबरठा २ करा. पहिला दगड उचलतो, पण एकाला पाहून उतरणारा आता कोणीच नाही. गोष्ट तिथेच संपते. उंबरठ्यांची सरासरी ४९.५ वरून ४९.५१ झाली, आणि निकाल १०० वरून १ वर आला. बातमी लिहिणारा पहिल्या जमावाला हिंसक म्हणेल आणि दुसऱ्याला शांत, पण दोन्हींतली ९९ माणसं अगदी तीच आहेत. समूह पाहून त्यातल्या माणसांच्या मनाविषयी निष्कर्ष काढण्याची आपल्याला फार सवय आहे. ती सवय सोडवण्यासाठी मला यापेक्षा चांगलं साधन सापडलेलं नाही.

थॉमस शेलिंग यांचं १९७१ चं मॉडेल याच जातीचं. (त्यांना पुढे २००५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल रॉबर्ट ऑमन यांच्यासोबत विभागून मिळालं.) पटावर दोन रंगांची घरं विखुरलेली आहेत आणि मध्ये थोड्या मोकळ्या जागा आहेत. प्रत्येकाची मागणी माफक आहे: शेजाऱ्यांपैकी निदान ३० टक्के आपल्या रंगाचे असावेत. तेवढे नसतील तर तो रिकाम्या जागी जातो. सुरुवातीला सरासरी निम्मे शेजारी आपल्या रंगाचे असतात, म्हणजे बहुतेक जण समाधानीच असतात. तरीही जे थोडे हलतात त्यांच्या हलण्याने जुन्या आणि नव्या, दोन्ही ठिकाणची गणितं बदलतात, मग आणखी काही जण हलतात, आणि सगळं स्थिरावतं तेव्हा सारख्या रंगाच्या शेजाऱ्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास गेलेलं असतं. पटावर वेगळाले पट्टे दिसतात. असे पट्टे कोणीच मागितले नव्हते.

इथूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. शेलिंगच्या मॉडेलने काय सिद्ध केलं? तीव्र द्वेष नसतानाही वस्त्या फाटू *शकतात*, एवढंच. एखाद्या शहरात त्या तशाच फाटल्या असं ते मॉडेल म्हणत नाही. तिथे कायद्याने, कर्ज नाकारून किंवा धाकदपटशाने वस्त्या वेगळ्या केल्या गेल्या असतील आणि अंतिम नकाशा तसाच दिसेल. हे मॉडेल दाखवून "बघा, यात कोणाचाच दोष नाही" असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. एकाच चित्राकडे नेणाऱ्या अनेक वाटा असतात, आणि मॉडेल त्यातली एक चालून दाखवतं.

माशांच्या झुंडींवरचं काम याचा उत्तम दाखला आहे. शेजाऱ्याच्या दिशेशी जुळवून घेणं हा नियम रेनॉल्ड्स यांच्यापासून बहुतेक मॉडेलांत गृहीत धरला गेला होता, आणि तो घातला की झुंड छानच दिसते. पण २०११ मध्ये याएल कात्झ आणि सहकाऱ्यांनी 'गोल्डन शायनर' जातीच्या खऱ्या माशांच्या हालचाली टिपल्या आणि उलट्या बाजूने, मोजमापांवरून नियम शोधायला घेतले. दिशा जुळवण्याच्या स्वतंत्र नियमाचा पुरावा त्यांना मिळाला नाही. ठळकपणे दिसलं ते वेगाचं नियमन: पुढचा मासा लांब असेल तर वेग वाढवायचा, फार जवळ असेल तर कमी करायचा. सगळे एका दिशेला तोंड करून पोहतात हे त्यातून निघालेलं फळ होतं. पडद्यावरची झुंड कितीही खरी वाटली, तरी हे तिच्याकडे बघत बसून कधीच कळलं नसतं.

स्टार्लिंग पक्ष्यांचंही तसंच. ठरावीक अंतरात येणारे सगळे ते शेजारी, असं पूर्वीची मॉडेलं धरून चालत. रोममध्ये थव्यांची त्रिमिती छायाचित्रं घेऊन केलेल्या आणि २००८ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की पक्षी अंतर पाहत नाही. सर्वांत जवळच्या सहा-सात पक्ष्यांशी तो जोडलेला असतो, मग ते जवळ असोत की पांगलेले. याला अर्थ आहे. ससाण्याच्या झडपेने थवा विरळ झाला, तर अंतरावर आधारलेला थवा तुटून विखुरतो, पण संख्येवर आधारलेला टिकून राहतो.

म्हणून माझं मत असं झालं आहे की या मॉडेलांचं खरं बळ "काय लागत नाही" हे दाखवण्यात आहे. थव्याला म्होरक्या लागत नाही. कोंडीला अपघात लागत नाही. धनंजय गोडे आणि श्याम सुंदर यांनी १९९३ मध्ये दाखवलं की लिलावाच्या बाजारात अक्कल नसलेले, स्वतःला तोटा होऊ न देण्याच्या एकाच अटीवर अंदाधुंद बोली लावणारे प्रोग्रॅम उतरवले तरी सौद्यांतून मिळू शकणारा जवळजवळ सगळा फायदा पदरात पडतो. यावरून माणसं बिनडोक असतात असं ठरत नाही. त्या फायद्याचं श्रेय व्यापाऱ्यांच्या हुशारीला द्यायची गरज नाही, बाजाराच्या नियमांनाच पुरतं, एवढं ठरतं. "अमुक असल्याशिवाय तमुक होऊच शकत नाही" हा दावा खोडायला एक चालतं मॉडेल पुरे. "अमुकमुळेच तमुक झालं" म्हणायला मात्र मोजमापं लागतात, आणि तिथे मॉडेल करणाऱ्याने संगणकासमोरून उठायलाच हवं.

स्वतः मॉडेल बांधणार असाल तर एका जागी विशेष जपा: एजंट कोणत्या क्रमाने हलतात. मार्टिन नोवाक आणि रॉबर्ट मे यांनी १९९२ मध्ये दाखवलं की पटावर शेजाऱ्यांशी 'कैद्यांचा पेच' (दोघांनी साथ दिली तर दोघांचं भलं, पण दगा देण्यात प्रत्येकाचा एकट्याचा जास्त फायदा, असा खेळ) खेळणाऱ्या एजंटांत सहकार्य टिकून राहतं आणि सुंदर नक्ष्या उमटतात. पुढच्याच वर्षी बर्नार्डो ह्यूबरमन आणि नताली ग्लान्स यांनी तेच मॉडेल घेतलं, फक्त सगळ्यांना एकाच ठोक्याला बदलण्याऐवजी एकेकाला पाळीपाळीने बदलू दिलं, आणि सहकार्य नाहीसं झालं. नंतर नोवाक आणि मंडळींनी दाखवलं की खेळातल्या फायद्याचे इतर आकडे घेतले तर पाळीपाळीनेही ते टिकतं. पण धडा राहतोच. जी ओळ लिहिताना आपण निर्णय घेतोय असंही वाटत नाही, तिच्यावर निष्कर्ष उलटू शकतो. त्यामुळे एकदा चालवून सुंदर दिसलं म्हणून थांबू नका. सुरुवातीची रँडम मांडणी बदलून शेकडो वेळा चालवा, प्रत्येक आकडा वरखाली करून बघा, क्रम बदलून बघा. जे तरीही टिकेल तेवढंच बोलण्याजोगं.

सुरुवातीला नेटलोगो वापरा. उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं हे साधन मोफत आहे आणि शेलिंगचं मॉडेल त्यात तयार मिळतं. ३० टक्क्यांचा निकाल बघून झाला की मागणी ८० टक्क्यांवर न्या, पण चालवण्याआधी काय होईल ते कागदावर लिहून ठेवा. इतके हट्टी शेजारी म्हणजे कडेकोट फाळणी होणार, असं बहुतेक जण लिहितात. प्रत्यक्षात पट मिसळलेलाच राहतो आणि हालचाल थांबत नाही. प्रत्येक जण रँडम रिकाम्या जागी जातो, तिथेही ८० टक्के आपले सापडत नाहीत, म्हणून पुन्हा उठतो. एखादा पुंजका जमायला लागलाच, तर त्याच्या कडेचे लोक समाधान न झाल्याने निघून जातात आणि पुंजका आतपर्यंत उकलत जातो.